रिपोर्टात शून्य, पोटात गाठ

या वेळचं पत्र देवगड तालुक्यातल्या एका ताईंचं आहे. लांब होतं, थोडं छाटलं आहे.

"डॉक्टरबाई, नमस्कार. माझे बाबा ६३ वर्षांचे. आमची हापूसची कलमं आहेत, ती तेच बघतात. २०११ साली रक्तदान शिबिरात रक्त दिल्यावर त्यांना 'कावीळ ब' असल्याचं कळवलं होतं. त्रास काहीच नव्हता, म्हणून गावठी औषध घेतलं, पथ्य पाळलं आणि विसरलो. यंदा शिमग्यानंतर पायांना सूज यायला लागली. कणकवलीला सोनोग्राफी केली. लिव्हर खडबडीत आहे आणि उजव्या बाजूला २.४ सेंटिमीटरची गाठ आहे, असं निघालं. प्लेटलेट ९४ हजार. डॉक्टर म्हणाले, ट्रायफेसिक सीटी लगेच करा.

माझा भाऊ डोंबिवलीला असतो. त्याने ऑनलाइन शोधून साडेअठरा हजार भरले आणि बाबांचं रक्त एका लॅबला पाठवलं. रिपोर्ट आला: रक्तातल्या कॅन्सर पेशी, ७.५ मिलिलिटरमध्ये शून्य. एएफपीचा एमआरएनए आढळला नाही. साधं एएफपीही ९, म्हणजे नॉर्मल. दादा म्हणतो, जेनेटिक टेस्ट क्लिअर आहे, आता सीटीची घाई कशाला? आणि सुई तर लावूच द्यायची नाही, सुई लावली की पसरतो. आईने ग्रामदेवतेला कौल लावला, तोही उजवा आला. बाबांचं एकच, 'माका कायेक झालला नाय, आंबो संपलो की मगे बघू.' घाबरलेली मी एकटीच. बाबा आयुष्यात दारूला शिवले नाहीत, तरी लोक तेच विचारतात. माझा सहा वर्षांचा मुलगा आजोबांच्या ताटात जेवायचा, त्याला मी हल्ली बसू देत नाही. सांगा, दादाचं बरोबर की माझं? रिपोर्टचे फोटो जोडलेत."

ताई,

तुमचं बरोबर आहे. सीटी करा, आणि आंबा संपायची वाट बघू नका. एवढं पुरेसं असेल तर वाचणं इथेच थांबवा आणि तारीख घ्यायला फोन लावा. बाकीचं गाडीत वाचता येईल.

बाकीचं आहे ते मुख्यतः दादासाठी. त्याच्यावर रागावू नका. बापाच्या पोटात गाठ निघाली आणि आपण चारशे किलोमीटर लांब, अशा वेळी माणूस हाताशी असेल ते करतो. त्याच्या हाताशी मोबाइल होता. आईच्या हाताशी गुरव होता. मला तर हे दोन्ही कौलच वाटतात, आणि कौलाच्या बाबतीत एक गोष्ट तुमच्या आईला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक असेल: देव विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो, न विचारलेल्याचं नाही. आईने 'बरं वाटेल ना' असं विचारलं असेल आणि पाकळी उजवी पडली असेल, तर त्यात सीटी करू नका असं कुठे आलं? दादाच्या रिपोर्टचंही तसंच आहे. तो शून्य खोटा नाही. तो कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे तेवढं बघायला हवं.

मी रत्नागिरीत तीस वर्षं पॅथॉलॉजीची लॅब चालवली, म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहिते. रक्तात कॅन्सरच्या पेशी फिरतात ही कल्पना आजची नाही. १८६९ साली ऑस्ट्रेलियात टॉमस अ‍ॅशवर्थ नावाच्या डॉक्टरने कॅन्सरने गेलेल्या एका माणसाचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तेव्हा त्याला गाठीतल्यासारख्याच पेशी त्यात दिसल्या. म्हणजे पेशी असतात हे दीडशे वर्षांपासून माहीत आहे. अडचण मोजणीची आहे. आपल्या एका मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशी साधारण ५०० कोटी आणि पांढऱ्या ४० लाखांपासून १ कोटी १० लाखांपर्यंत. दादाने पाठवलेल्या साडेसात मिलिलिटरमध्ये तांबड्या झाल्या पावणेचार हजार कोटी. या गर्दीत कॅन्सरच्या पेशी असल्याच तर किती? गाठ शरीरभर पसरलेल्या माणसातही बऱ्याचदा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. अडीच सेंटिमीटरच्या एकट्या गाठीत साडेसात मिलिलिटरमध्ये एकही न सापडणं हेच अपेक्षित. शरीरात रक्त पाच लिटर, आपण काढतो दीड चमचा.

शिवाय ते काढतो कुठून? कोपराच्या शिरेतून. लिव्हरमधून निघालेलं रक्त आधी हृदयाच्या उजव्या कप्प्यात जातं, तिथून फुप्फुसात, फुप्फुसाच्या केसासारख्या बारीक नळ्यांतून गाळून पुन्हा हृदयात, मग धमनीतून हातात, हातात आणखी एकदा तशाच बारीक नळ्यांतून, आणि मग कुठे त्या शिरेत. दोन गाळण्या झाल्या. कॅन्सरची पेशी ही रक्तपेशीपेक्षा मोठी, आणि गाठीपासून सुटली की तासा-दोन तासांत मरायला लागते. लिव्हरमधून बाहेर पडणाऱ्या शिरेतच नळी घालून रक्त घेतलं तर या पेशी हातातल्या रक्तापेक्षा जास्त सापडतात, हे संशोधकांनी करून पाहिलं आहे. पण रोजच्या तपासणीसाठी तसं कोणी करत नाही आणि करूही नये.

आता पद्धत. तुम्ही पाठवलेल्या फोटोत शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत 'एपकॅम' लिहिलंय ते बघा. पेशीच्या अंगावरच्या एका प्रथिनाचं ते नाव. लोहचुंबकाच्या बारीक कणांना त्या प्रथिनाला चिकटणारा पदार्थ लावतात, कण रक्तात सोडतात, आणि ज्या पेशीच्या अंगावर एपकॅम असेल ती चुंबकाने ओढून घेतात. स्तनाच्या कॅन्सरसाठी हे जाळं चांगलं चालतं. असं यंत्र अमेरिकेत पहिल्यांदा २००४ साली मान्य झालं तेही स्तनाच्या, पसरलेल्या कॅन्सरसाठी, आणि नंतर आतड्याच्या आणि प्रोस्टेटच्या. लिव्हरच्या कॅन्सरच्या बऱ्याचशा पेशींवर एपकॅम नसतंच. तुमच्या गावातला कुठलाही खलाशी सांगेल, सुरमईचं जाळं टाकलं आणि मांदेली लागली नाही, म्हणून खाली मांदेली नव्हती असं होत नाही.

दुसरी ओळ एमआरएनएची, आणि दादा जिला जेनेटिक टेस्ट म्हणतो ती हीच. तिच्यामागची कल्पना मला स्वतःला फार आवडते. एएफपी, म्हणजे अल्फा फीटोप्रोटीन, हे पोटातल्या बाळाचं लिव्हर बनवतं. जन्मानंतर वर्षभरात ते जवळजवळ बंद होतं. १९६३ साली मॉस्कोत गॅरी अबेलेव्ह यांना लिव्हरची गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात ते पुन्हा सापडलं, आणि पुढच्याच वर्षी तातारिनोव्ह यांना माणसाच्या. म्हातारपणी लिव्हरच्या पेशी बिघडल्या की लहानपणीचा धडा पुन्हा गिरवायला लागतात, असं समजा. एएफपी हे प्रथिन पेशीबाहेर सुटून रक्तात मिसळतं. पण ते बनवण्याची जी चिठ्ठी असते, एमआरएनए, ती पेशीच्या आत असते. मग रक्तात ती चिठ्ठी सापडली तर लिव्हरची अख्खी पेशी रक्तात फिरते आहे असं म्हणता येईल, या हिशेबाने १९९० च्या दशकात जपानमध्ये आणि इतरत्र पुष्कळ काम झालं. तंत्र तेच, २०२० मध्ये चाकरमानी गावी यायला निघाले तेव्हा घराघरात ज्याचं नाव पोचलं ते आरटीपीसीआर. चिठ्ठीची नक्कल करायची आणि दिसेपर्यंत दुप्पट-चौपट करत जायचं.

मग अडलं कुठे? एक तर अनेक गाठी एएफपी बनवतच नाहीत. बाबांचं रक्तातलं एएफपी ९ आहे, म्हणजे त्यांची गाठ कॅन्सरची असली तरी ती चिठ्ठी लिहिणाऱ्यांतली नसावी. मग चिठ्ठी मिळाली नाही याचं नवल ते काय? दुसरं, लिव्हरच्या साध्या, निरोगी पेशीही कधीकधी रक्तात येतात. लिव्हरला सूज असली, ऑपरेशन झालं, सुई लागली की जास्तच. आणि या तंत्राचे कान इतके तिखट की पांढऱ्या पेशींनी चुकून लिहिलेली एखादी चिठ्ठीही त्याला ऐकू येते. त्यामुळे काही अभ्यासांत कॅन्सर नसलेल्या माणसांतही ती सापडली. तिसरं कारण शुद्ध लॅबवालीचं आहे: एमआरएनए फार नाजूक असतं. एप्रिलच्या उन्हात देवगडहून निघालेली नळी मुंबईला किती तासांनी पोचली, कुठल्या नळीत होती, थंड होती का, हे त्या रिपोर्टवर कुठेच नाही. मी असते तर आधी तेच विचारलं असतं.

अलीकडे पेशींऐवजी रक्तात तरंगणारे डीएनएचे तुकडे शोधायचं काम जोरात आहे. टर्ट नावाच्या जनुकाच्या सुरुवातीच्या भागातला एक बदल लिव्हरच्या निम्म्याहून अधिक कॅन्सरमध्ये असतो, तो रक्तात सापडू शकतो. पण गाठ लहान असेल तर तुकडेही थोडे, म्हणजे फिरून पहिलाच प्रश्न.

साध्या एएफपीबद्दल एक कबुली देऊन टाकते. नव्वदच्या दशकात आमच्याकडे ही तपासणी होत नसे. नमुना बर्फाच्या थर्मासमध्ये घालून एसटीच्या रातराणीने मुंबईला जायचा आणि चार दिवसांनी कागद यायचा. एकदा असाच नॉर्मल कागद आला. रुग्णाचा भाऊ काउंटरवर उभा होता, चेहरा उतरलेला. मी त्याला म्हटलं, "चांगलं आहे हो, काळजी करू नका." त्याने ते घरी जाऊन सांगितलं. सोनोग्राफीत सांगितलेली पुढची तपासणी त्यांनी केली नाही. सहा महिन्यांनी ते आले तेव्हा करण्यासारखं फार उरलं नव्हतं. लॅबवालीने आकडा द्यायचा असतो, तेवढाच. लिव्हरच्या लहान कॅन्सरांपैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त माणसांत एएफपी नॉर्मल असतं, हे मला तेव्हाही पुस्तकातून माहीत होतं. ते त्या दिवशी आठवलं नाही. दादाने ९ हा आकडा वाचून सुटकेचा श्वास सोडला असेल, तर मी त्याला हसणारी कोण?

तर मग बाबांच्या बाबतीत खरा प्रश्न कुठला? कॅन्सरच्या पेशी रक्तात आहेत का, हा प्रश्न कणकवलीच्या डॉक्टरांनी विचारलेलाच नव्हता. जी गाठ डोळ्यांनी दिसली ती कशाची आहे, एवढंच त्यांना हवंय. आणि त्याचं उत्तर ट्रायफेसिक सीटी फार सुंदर पद्धतीने देतो. निरोगी लिव्हरला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्याकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून मिळतं, धमनीतून फक्त एक चतुर्थांश. कॅन्सरची गाठ मात्र स्वतःचं रक्त धमनीतून ओढते. त्यामुळे शिरेत रंगद्रव्य सोडलं की पहिल्या अर्ध्या मिनिटात, धमनीचं रक्त पोचतं तेव्हा, गाठ आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा उजळते. पुढच्या मिनिटा-दोन मिनिटांत शिरेचं रक्त येतं, सगळं लिव्हर उजळतं आणि गाठ फिकी पडते. उजळणं आणि फिकं पडणं, दोन्ही दिसलं आणि माणसाला सिरॉसिस (लिव्हर आखडून कडक होणं) किंवा जुनी कावीळ ब असली, तर जगभरचे डॉक्टर तेवढ्यावर निदान पक्कं करतात. सुई लागत नाही.

म्हणजे दादाला जिची भीती आहे ती सुई बहुधा मध्ये येणारच नाही. त्याची भीती अगदी बिनबुडाची नाही, हेही सांगून टाकते. लिव्हरच्या गाठीला सुई लावली तर सुईच्या वाटेवर पेशी रुजण्याचा प्रकार शंभरात दोन-तीन वेळा दिसलेला आहे, आणि म्हणूनच डॉक्टर आधी स्कॅनवर भर देतात. स्कॅन संदिग्ध आला तर एमआरआय, आणि तरीही कळलं नाही तर मग सुई. तेव्हा ती लावू द्या. शंभरातल्या दोन-तीनांच्या भीतीने उरलेल्यांचं निदान अडवून ठेवण्यात शहाणपण नाही.

प्लेटलेट ९४ हजार आणि पायांची सूज यांकडे दादाचं लक्षच गेलं नाही, आणि मला गाठीइतकंच ते महत्त्वाचं वाटतं. लिव्हर आखडून कडक झालं की मागे रक्ताचा दाब वाढतो, प्लीहा फुगते, आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात. म्हणजे बाबांना सिरॉसिस झालेला असण्याची शक्यता मोठी आहे. गाठ साधी निघाली तरी हे उरतंच. अन्ननलिकेच्या शिरा फुगल्या आहेत का ते दुर्बिणीतून बघावं लागेल, आणि पुढे दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, चुकवायची नाही. २०११ पासून ती झाली असती तर, असं मी म्हणणार नाही. म्हटलं की काय उपयोग.

किती घाई? लिव्हरचा कॅन्सर दुप्पट व्हायला साधारण चार ते सहा महिने घेतो, पण माणसागणिक यात फार फरक पडतो. म्हणजे आज रात्रीच गाडी पकडा असं नाही. पण २.४ सेंटिमीटर हा आकडा ऐन मोक्याचा आहे. तीन सेंटिमीटरच्या आतली गाठ सुईच्या टोकाने उष्णता देऊन जाळता येते, लिव्हर झेपणारं असेल तर कापून काढता येते, आणि प्रत्यारोपणाचा विचार करायचा तर एकच गाठ पाच सेंटिमीटरपर्यंत चालते. हा मिलानचा नियम १९९६ पासून जगभर वापरात आहे. या दारांतून आत जायचं तर ती उघडी आहेत तोवरच जायला हवं. दोन, फार तर तीन आठवड्यांत सीटी व्हावा. आपल्याकडे आजारालाही हंगाम संपायची वाट बघायला लावतात: आधी आंबा, मग मिरग आणि लावणी, मग गणपती. भाद्रपदात पोचलेली माणसं मी पाहिली आहेत.

बाबांना सांगा की सीटीला एक दिवस लागतो. त्यांनी दोन काढण्यांच्या मध्ये जायचं. पेट्या भरायला आणि माकडं हाकलायला एक दिवस जावई चालेल. कोल्हापूर, गोव्यातलं बांबोळी की मुंबई, हे सोयीने ठरवा. आईला पुन्हा कौल लावायचाच असेल तर याच प्रश्नावर लावा, तिन्हींपैकी काहीही आलं तरी चालतं. जाण्याआधी क्रिएटिनिनची साधी रक्ततपासणी करा, कारण रंगद्रव्य किडनीतून बाहेर पडतं. फिल्मवर भागवू नका, सीडी मागून घ्या. आणि 'ट्रायफेसिक' हा शब्द चिठ्ठीवर आहे ना ते बघा. नुसता पोटाचा सीटी करून आलेले लोक मला महिन्याला भेटायचे, आणि मग सगळं पुन्हा.

बाबांपासून लपवू नका, हेही. जो माणूस मोहोर बघून पेट्यांचा अंदाज बांधतो त्याला घरातल्या कुजबुजीवरून काय चाललंय ते कळतं.

आता रक्ततपासणीबद्दल. दादाला रक्ततपासणीचीच हौस असेल तर एक मी सुचवते. काही शे रुपयांत होते, सरकारी दवाखान्यात फुकट. एचबीएसएजी, म्हणजे रक्तात कावीळ ब आहे का ते सांगणारी. पण बाबांची नाही. तुमची, दादाची, आईची, आणि बाबांच्या सख्ख्या भावंडांची.

लिव्हरच्या कॅन्सरबद्दल रक्तातून मिळालेला सगळ्यात मोठा सुगावा हाच आहे. १९६० च्या दशकात बरुच ब्लुमबर्ग यांना ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन सापडलं. ते कावीळ ब च्या विषाणूचं कवच निघालं आणि १९७६ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. हा विषाणू वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये बसून स्वतःचा डीएनए आपल्या पेशीच्या डीएनएत घुसवतो, कधीकधी नेमका त्या टर्ट जनुकापाशी. म्हणूनच दारूचा थेंब न घेतलेल्या माणसाला लिव्हरचा कॅन्सर होतो. विचारणाऱ्यांना हे सांगा, किंवा सांगू नका. बाबांच्या लिव्हरचा हिशेब वाडीला द्यायला तुम्ही बांधील नाही.

जन्माच्या वेळी आईकडून हा विषाणू मिळाला तर शंभरात नव्वद मुलांत तो कायमचा राहतो. मोठेपणी मिळाला तर शंभरात पाचांपेक्षाही कमी जणांत. म्हणजे बाबांना तो बहुधा लहानपणीच मिळाला असावा, आजीकडून किंवा एकच काचेची सिरिंज सगळ्या गावाला चालायची त्या दिवसांत. म्हणून काका-आत्यांची तपासणी. तुमच्या आईची तर सगळ्यात आधी. एचबीएसएजी निगेटिव्ह आला तर अँटीबॉडी बघून लस घ्या: आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. मुलाच्या कार्डावर पेंटाव्हॅलंटचे तीन डोस असतील तर त्यात ही लस आहे. तैवानमध्ये १९८४ पासून नवजात बाळांना ती द्यायला लागले आणि दहा वर्षांत तिथल्या मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर जवळजवळ निम्म्यावर आला. कॅन्सरवरची पहिली लस म्हणायची तर हीच.

बाबांचं स्वतःचं औषधही राहिलंय. विषाणू दाबून ठेवणाऱ्या टेनोफोव्हिरसारख्या गोळ्या असतात, रोज एक. जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध मोफत आहे. ओरोसला जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. सुरू केल्यावर मनाने बंद करायची नाही, लिव्हर एकदम भडकू शकतं. गावठी औषधाला मी नावं ठेवत नाही. कावीळ ब वर भुईआवळीचा प्रयोग १९८८ मध्ये मद्रासच्या डॉक्टरांनी केला होता, स्वतः ब्लुमबर्ग त्यात होते, आणि निकाल इतका चांगला आला की सगळे हरखले. पुढे इतरांनी तोच प्रयोग केला, त्यांना तसं काही मिळालं नाही. तेव्हा आता नको. कंबरदुखीसाठी बागेत बाबा डायक्लोफेनॅक किंवा आयब्रुफेन घेत असतील तर तेही बंद. सिरॉसिसमध्ये किडनीवर येतं. कालवं नीट शिजवलेलीच खायची, आणि हातापायाला जखम असताना खाडीत उतरायचं नाही. खाऱ्या पाण्यातला एक जंतू धडधाकट माणसाला फारसा काही करत नाही, पण लिव्हर थकलेल्या माणसाचा जीव घेऊ शकतो. बुरशीचं खोबरं आणि शेंगदाणे फेकून द्या, भाजून वापरू नका. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमेवर पावसात भिजलेला, बुरशी चढलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं लिव्हर निकामी होऊन गेली होती. त्याच बुरशीचं विष आणि कावीळ ब एकत्र आले की कॅन्सरचा धोका कैक पटींनी वाढतो.

दादाचा रिपोर्ट फाडू नका, फायलीत ठेवा. गाठ काढून टाकल्यावर ती पुन्हा उगवते का हे आधी कळावं, यासाठी या तपासण्यांचा उपयोग होईल असं मलाही वाटतं. लिव्हरच्या कॅन्सरमध्ये पाच वर्षांत निम्म्याहून अधिक लोकांत तो परततो, त्यामुळे तिथे गरज खरी आहे. पण पेशी मोजता येणं आणि त्या मोजणीने माणूस जास्त जगणं यांत अंतर असतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हे करून पाहिलं होतं: पेशी कमी झाल्या नाहीत म्हणून केमो लवकर बदलली, आणि २०१४ मध्ये निकाल आला की त्याने आयुष्य वाढलं नाही. जिथे मोजणी सगळ्यात चांगली जमते तिथली ही गोष्ट.

दादाला म्हणा, पुढचे पैसे त्याने सुट्टी आणि तिकिटावर खर्चावे. सीटीच्या दिवशी बाबांसोबत तो असला तर बाबा येतील. तुम्ही दहा वेळा सांगून जे होत नाही ते मुंबईचा मुलगा दारात उभा राहिला की होतं, हे अन्यायाचं आहे, पण या खेपेला वापरून घ्या.

मुलाचं शेवटी ठेवलं. कावीळ ब ताटातून, पाण्याच्या तांब्यातून, मिठीतून, पापी घेतल्याने पसरत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात पसरते. लसीचं कार्ड बघा आणि आज रात्री त्याला आजोबांच्या ताटात बसू द्या. दाढीचं ब्लेड, दात घासायचा ब्रश आणि नेलकटर तेवढं बाबांचं वेगळं ठेवा.